दिवेलागणीचा वायफाय

खोली बघायला गेले तेव्हा आबांनी माझं आधार कार्ड मागितलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मासे खाते का तेही विचारलं नाही. घरापुढच्या खळ्यात तुळशीपाशी मला उभं केलं, स्वतः विहिरीपलीकडे माडाच्या बुंध्याशी जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, "आता मोठ्यान म्हण, व्हय महाराजा!"

आपण चुकीच्या घरात आलो की काय, असं मला वाटलं. तरी म्हटलं. मधेच खोकला आला आणि 'महाराजा'तला शेवटचा 'जा' घशातच राहिला.

"बरो आसा आवाज," आबा परत येत म्हणाले. "जरा गंजलो आसा, पण हयच्या वाऱ्यान सुटतलो. खोली तुझी."

ओरडायला का लावलं, म्हणून विचारलं तर म्हणाले, "हय सर्प येतत गो. एखादो इलो तर तुझी बोंब माझ्या कानार पडाक होयी." पटण्यासारखं होतं. त्या घरात राहिले तेवढ्या काळात मला एक धामण दिसली, तीही आबांना बघून पळाली. आबांच्या थापेला मी पहिल्याच दिवशी बळी पडले, पण त्याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता. अख्खा गाव पडून झाला होता.

गाव मिठबावच्या अलीकडचा. समुद्र घरातून दिसत नाही, पण भांडी घासताना ऐकू येतो. मी तिथे गेले ती पुण्यातल्या धुळीला कंटाळून. आमच्या इमारतीच्या चारी बाजूंना बांधकामं चालू होती आणि इन्हेलर माझ्या उशाशी असायचा. काम एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं, ते लॅपटॉपवर कुठूनही होतं. साहेबांच्या महिनोन् महिने मागे लागून कोकणातून काम करायची परवानगी मिळवली. साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण काम एकदा जरी अडलं, तर लॅपटॉप उचलायचा आणि इथल्या खुर्चीत येऊन बसायचं." आबांकडे राहायला लागल्यावर थोड्याच दिवसांत इन्हेलर कुठे ठेवलाय ते मला आठवेना. याचा केवढा आनंद होता ते ज्याला दमा नाही त्याला सांगून कळणार नाही.

आबा एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर लोकांना खरी तिकिटं दिली, त्याची भरपाई ते निवृत्तीनंतर करत असावेत. पर्यटक रस्ता विचारायला थांबले की आबा त्यांना परसातला वाकडा फणस दाखवायचे आणि सांगायचे, "ह्येका सावंतवाडीच्या राजाचो हत्ती बांधीत. हत्ती वडी, फणस वाको." लोक फणसाबरोबर फोटो काढून जायचे. कुरिअरवाल्याला त्यांनी सांगितलं होतं की मी अमेरिकेहून आलेली त्यांची पुतणी आहे आणि मला मराठी येत नाही. तो बिचारा माझ्याशी कायम हातवाऱ्यांनी बोलायचा. मी एकदा "धन्यवाद" म्हटलं तर म्हणाला, "लवकर शिकलंस गो!"

असा हा माणूस गाऱ्हाण्यात मात्र अक्षर खोटं बोलत नसे.

तळकोकणात कुठलंही काम हाती घेताना एखादा वडीलधारा उभा राहून देवाला सगळं उघड सांगतो. काय करतोय, काय हवंय, कुठे चुकलं. त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय महाराजा" म्हणतात. हे गाऱ्हाणं. देवळात, लग्नात, घर बांधताना घालतात. आबा ते कशालाही घालायचे. विहिरीचा पंप बंद पडला तेव्हा मला हाक मारली आणि पंपासमोर हात जोडून उभे राहिले.

"बा देवा महाराजा! ह्यो पंप म्हातारो झालो आसा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" मी म्हटलं.

"काल रागाच्या भरात मी त्येका लाथ मारलंय, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"सकाळी वायरमन येवन वायर बदलून गेलो आसा. त्येच्या हाताक यश दी आणि पाणी वर चढव, महाराजा!"

पाणी चढलं. दुपारी आबा मला म्हणाले, "बघलंस? वायरमन नाय, कोण नाय. नुसत्या गाऱ्हाण्यान चालू झालो."

"आबा, वायरमन आला होता हे तुम्हीच देवाला सांगितलंत की!"

"ता देवाक," आबा म्हणाले. "तुका खरां सांगून काय पाणी वर चढणार आसा?"

तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल फार कुतूहल वाटायला लागलं. आबांकडून कुठलीही खरी गोष्ट काढायची असेल तर एकच उपाय होता, गाऱ्हाण्याची वाट बघायची. डॉक्टरांनी बंद केलेला सुका बांगडा त्यांनी खाल्ला की नाही, हे मला रोज दिवेलागणीच्या गाऱ्हाण्यातच कळायचं.

पूर्वी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आबांच्याच घराकडे होता. तो का गेला ही गोष्ट गावात जो तो आपल्या सोयीने सांगायचा, पण मूळ प्रसंग एवढाच. आंब्याच्या हंगामाची सुरुवात होती. भरलेल्या पेट्या देवळाच्या चौकात मांडल्या होत्या, बागायतदार हात जोडून उभे होते, कोल्हापूरचा व्यापारीही नारळ घेऊन आला होता. आबांनी सुरुवात केली.

"बा देवा महाराजा! औंदा मोहोर बरो दिलंस, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आमी पेटये भरलंव. वरच्या थराक आमचो हापूस घातलंव, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि खालच्या थराक भायरसून इलेलो आंबो घातलंव, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळा गाव म्हणाला. गाऱ्हाणं कोण कान देऊन ऐकतं! तोंडाला सवय असते. आपण कशाला मान डोलावली ते लोकांच्या डोक्यात शिरेपर्यंत व्यापारी पेटीची दोरी सोडायला बसला होता. आबा पुढे बोलतच होते, "पयलो मीच घातलंय, महाराजा. चुकलां, पदरात घे." या वाक्याला मात्र कोणी व्हय म्हटलं नाही.

पुढच्या हंगामापासून मान दुसऱ्या घराकडे गेला. आबांना मान गेल्याचं फारसं दुःख नव्हतं. पण ते शेवटचं वाक्य व्हय न मिळता तसंच राहिलं, हे त्यांच्या मनातून जात नसे. "गाऱ्हाणां एकट्यान घालूचां नसता," ते म्हणायचे. "व्हय म्हणणारो नाय तर देवाक वाटता, म्हातारो बडबडता." घरात तरी व्हय म्हणायला कोण होतं? बायको वारलेली, मुलगा बांद्याला दुकान चालवतो, तो गणपतीला येणार. गावातलं कोणी त्यांच्या खळ्यात दिवेलागणीला फिरकत नसे. न जाणो, आबा देवाला काय सांगतील आणि आपण कशाला व्हय म्हणून बसू.

सुरुवातीला मी रोज संध्याकाळी खळ्यात बसून व्हय म्हणायचे. पुढे कंपनीला परदेशातलं नवं गिऱ्हाईक मिळालं आणि नेमक्या त्याच वेळी मीटिंगा सुरू झाल्या. काही दिवस मी लॅपटॉपचा माईक बंद करून खिडकीतून ओरडत असे. एकदा माईक बंद करायचा राहिला. साहेब विचारत होते, "शुक्रवारपर्यंत काम पूर्ण होईल ना?" आणि माझा खणखणीत आवाज गेला, "व्हय महाराजा!" साहेब खूश झाले, पण मी घाबरले. दुसऱ्या दिवसापासून खोलीचं दार आणि खिडकी लावून घ्यायला लागले.

त्यानंतर दिवेलागणीला घरातला वायफाय बंद पडायला लागला.

वायफायचा डबा आबांच्या माजघरात फळीवर होता आणि बटण आबांच्या हाताशी. मी विचारलं तर म्हणाले, "त्या लहरींनी माडाक झोप लागना नाय. नारळ बारके धरतत." दुसऱ्या दिवशी म्हणाले, विजा चमकतात. आकाशात ढग नव्हता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा अमेरिकेत त्या वेळेला झाडू मारतात म्हणून तिकडूनच बंद करतात, असं सांगितलं. मला चीड यायची आणि उद्या कुठलं कारण निघणार याची उत्सुकताही वाटायची. खरं कारण काय असेल याचा मी पुष्कळ विचार केला. गाऱ्हाण्यात ऐकायला मिळालं असतं, पण मी गाऱ्हाण्याला जातच नव्हते.

शेवटी मी माझ्यापुरता तोडगा काढला. विहिरीच्या कठड्यावर मोबाइलला नेटची चांगली रेंज यायची. मीटिंगच्या वेळी तिथे बसून फोनवरून लॅपटॉपला नेट द्यायचं. ते सारखं तुटायचं, म्हणून एक व्हिडिओ बघितला. त्यात सांगितलं होतं की लॅपटॉप नेटवर्कचा पत्ता आपोआप घेतो तो घेऊ देऊ नका, स्वतः आकडे टाकून कायमचा पक्का करा. मी केला. त्या संध्याकाळी नेट एकदाही तुटलं नाही आणि मी स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाले.

सकाळी लॅपटॉप घरातला वायफाय घेईना. घेणार कसा? मी टाकलेला पत्ता माझ्या फोनच्या नेटवर्कचा होता, आबांच्या डब्याला तो लागू नव्हता. पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी कंपनीच्या मदत कक्षाला फोन केला. तिथे नागपूरकडची एक मुलगी होती. सेटिंगला हात लावायला कंपनीची मनाई, त्यामुळे मी सगळे सांगतात तेच सांगितलं, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं."

तिने विश्वास ठेवला. बघून म्हणाली, "मॅडम, तुमच्या पासवर्डची मुदत संपत आली, त्यानेच अडून राहिलं असंल. फोनवरून बदलून टाका आणि लॅपटॉप बंद करून चालू करा." मी नवा पासवर्ड केला, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि तो मला दारातच अडवायला लागला. नवा पासवर्ड त्याला मान्य नाही. जुना तर मी रद्द केलेला. विहिरीवर नेऊन फोनचं नेट द्यावं, तर आत गेल्याशिवाय तो तेही घेईना. आत गेल्याशिवाय सेटिंग बदलता येत नाही, सेटिंग बदलल्याशिवाय नेट येत नाही, आणि नेट आल्याशिवाय तो आत घेत नाही. पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकायची छाती होईना, कायमचाच लागला तर काय घ्या.

दुपारी साहेबांचा निरोप आला. संध्याकाळपर्यंत चालू झाला नाही तर लॅपटॉप घेऊन पुण्याला ये, येताना सामान घेऊनच ये. मी बॅग भरायला घेतली. इन्हेलर शोधायला लागले, तो सापडेना, आणि तो शोधावा लागतोय याचंच मला रडू आलं.

आबा पेजेची वाटी घेऊन आले. "काय गो, तोंड कित्याक पाडलंस?"

मी सगळं सांगितलं. वायफाय बंद करण्यावरूनही दोन शब्द सुनावले. आबांनी ते ऐकून घेतलं, लॅपटॉप उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "म्हणजे किल्ली भुतूर रवली आणि दार लागलां. गाऱ्हाणां घालूया."

"आबा, हे यंत्र आहे!"

"आणि पंप काय देवमासो हुतो?"

त्यांनी तुळशीपाशी पाट मांडला आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. दिवा लावतात तोच माझा फोन वाजला. मदत कक्षातली मुलगी होती, तिची ड्युटी संपायच्या आत शेवटची चौकशी करत होती. मी फोनचा आवाज मोठा केला आणि कसंबसं सांगितलं की इथे जरा गाऱ्हाणं चाललंय.

"बाय, तू पण व्हय महाराजा म्हण," आबांनी फोनला सांगितलं. "दोघां बरीं."

"हे कोण बोलून राहिलं?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणते ना, त्यात काय."

आबांनी हात जोडले. "बा देवा महाराजा! ह्या चेडवाचां यंत्र बंद पडलां आसा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" मी म्हटलं. फोनमधूनही आवाज आला, नागपुरी हेलात.

"ह्येच्या मुळाक मी आसंय, महाराजा!"

मी आबांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"रोज दिवेलागणीक वायफायचां बटान मी बंद करतंय. माडाक झोप लागना नाय म्हणून सांगलंय, इजेची भीती सांगलंय. तां सगळां खोटां, महाराजा. ह्यां चेडू खोलीतसून भायर येवचां म्हणून बंद करतंय. माका व्हय म्हणणारां दुसरां कोण नाय, महाराजा."

मी दार लावून घेतलं होतं ते दिवस आठवले. समोर हा माणूस उत्तराची वाट बघत हात जोडून उभा. मग फोनमधून हळूच आलं, "व्हय महाराजा."

आबांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "आता तू सांग. पयल्यापासून. जाणता अजाणता केलंस तां सगळां."

देवासमोर, आणि आबांच्या त्या बोलण्यानंतर, आपोआप बंद पडलं असं म्हणणं मला शक्य नव्हतं. मी म्हटलं, "काल संध्याकाळी मी फोनवरून नेट घेतलं, महाराजा. एका व्हिडिओत बघून लॅपटॉपला पक्का पत्ता टाकला, महाराजा."

"थांबा, थांबा!" फोन ओरडला. "पत्ता टाकला? सकाळी तर म्हणाल्या आपोआप बंद पडलं!"

"तेही खोटं, महाराजा," मी म्हटलं.

"अहो मॅडम, मग तो लॅपटॉप सकाळपासून ऑफिसपर्यंत पोचलाच नाही! नवा पासवर्ड त्याला कोण सांगणार? त्याला अजून जुनाच ठाऊक आहे. जुना टाका!"

मी पाटाकडे झेपावले. आबांनी हात आडवा घातला. "मधी उठा नको. गाऱ्हाणां अर्धां रवात."

"आबा, एक मिनिट फक्त..."

"एक गाऱ्हाणां अर्धां रवलां तां बस झालां," आबा म्हणाले, आणि मी हात जोडून पुन्हा उभी राहिले. आबा सावकाश, एकही शब्द न गाळता बोलत होते. "चुकलां माकलां पदरात घे, महाराजा. माझां घे, ह्येचां घे, त्या फोनातल्या बायचां काय आसात तर तांव घे. आणि ह्या चेडवाक हयच राख, महाराजा!"

"व्हय महाराजा!" मी म्हटलं. न खोकता, विहिरीपलीकडच्या माडापर्यंत जाईल एवढ्या आवाजात.

मग जुना पासवर्ड टाकला. लॅपटॉप उघडला. ती सांगत गेली तसं पत्ता पुन्हा आपोआप घेण्यावर आणला आणि नेट सुरू झालं. त्या दिवशी आबांनी बटणाला हातच लावला नव्हता. मुलीने तक्रार बंद करताना कारण लिहिलं, 'आपोआप सुरू झाला'.

त्यानंतर वायफाय कधी बंद झाला नाही. मी दिवेलागणीचा अर्धा तास ऑफिसच्या वेळापत्रकात अडवून ठेवला. साहेबांनी कसली मीटिंग म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, इथल्या एका ज्येष्ठांबरोबर आढावा असतो.

पुढे कंपनीने सगळ्यांनाच परत बोलावलं. त्यात माझी चूक नव्हती आणि त्यावर गाऱ्हाण्याचाही इलाज चालला नाही. निघताना आबा म्हणाले, "बरां झालां. माका ती खोली आंबे पिकत घालूक होयीच हुती." आणि एसटी सुटेपर्यंत रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले.

पुण्यात आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. फोन तुळशीच्या कट्ट्यावर टेकवून ते हात जोडून उभे होते. तेव्हापासून रोज येतो. मी गॅलरीत उभी राहून व्हय म्हणते, खाली सिमेंटचे ट्रक रिकामे होत असतात. त्यांच्याच गाऱ्हाण्यातून मला कळलं की आता ते वायफायचं बटण दिवसभर बंद ठेवतात आणि फक्त दिवेलागणीला चालू करतात.

गाऱ्हाण्याआधी आबा विचारतात, "कशी आसस?" मी म्हणते, "मजेत." मी विचारते, "तुम्ही?" ते म्हणतात, "मीय मजेत." असं आम्ही एकमेकांना फसवत होतो. परवा हात जोडून आबा म्हणाले, "बा देवा महाराजा! ह्यां चेडू मजेत आसंय म्हणता, तां खोटां, महाराजा. आवाज परत गंजलो आसा. खोकलो माका हयसून आयकाक येता. तिकडे त्येका बरां नाय, महाराजा."

आणि थांबले. माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात इन्हेलर. आबा डोळे मिटून वाट बघत राहिले.

"व्हय महाराजा," मी म्हटलं.

गाऱ्हाणं पूर्ण झालं. आबांनी तुळशीला हात लावला, फोन उचलून तोंडाजवळ धरला, नुसती हनुवटी दिसायला लागली. मी विचारलं, "आबा, खोली रिकामी आहे का?"

"नाय गो," आबा म्हणाले. "कालच दुसऱ्याक दिलंय. वेंगुर्ल्याचो मास्तर आसा. आवाज एकदम खणखणीत."

मी माळ्यावरची बॅग खाली काढली.